पायी निघालेली नंबरपाटी

गावातल्या निम्म्याहून अधिक गाड्या पेंटरकाकांचं अक्षर पाठीवर मिरवत हिंडत, आणि पेंटरकाका मात्र जन्मभर आपल्या दोन पायांवर हिंडत. गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायच्या, हा त्यांचा एकतीस वर्षांचा धंदा. चौकाच्या वळणावर, कुलूपवाल्याच्या शेजारी, दार उघडलं की दुकान संपतं एवढीच जागा. एक उंच स्टूल, तीन ब्रश, काळ्या-पांढऱ्या रंगाचे डबे, टर्पेंटाइनची बाटली आणि भिंतीला टेकून वाळत बसलेल्या पाट्या. काका काम करताना देवाचं काहीतरी गुणगुणत, आणि आकडा पुरा झाला की ब्रशच्या मागच्या टोकाने डब्यावर टक्‌ करून सम गाठत. दिवसाकाठी अशा पन्नासेक समा तरी सहज व्हायच्या.

रस्त्याने गाडी गेली की काका ती वाचत नसत, ओळखत.

"ती बघ, बासष्ट-बारा. तिच्या दोनाची शेपटी मी जरा लांब ठेवली होती."

"अहो, लोक नातवंडं ओळखतात," काकू म्हणायच्या. "तुम्ही बंपर ओळखता."

पण गेल्या वर्षभरात बंपर धुक्यात शिरले. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा चांगलाच पिकलेला. सरकारी दवाखान्यात नाव घातलं, पाच महिने वाट पाहिली, आणि एके दिवशी पत्र आलं. शुक्रवारी ऑपरेशन! काकांनी पत्र देवापुढे ठेवलं. काकूंनी ते उचलून पुन्हा वाचलं, कारण देव वाचून दाखवत नाही.

"'पूर्वतपासणीसाठी बुधवारी दहा ते बारा या वेळेत आपल्या वाहनासह गाडीखिडकीवर यावे. वाहनातून उतरू नये. तपासणी न झाल्यास आपली पाळी पुढील रुग्णास देण्यात येईल व आपले नाव यादीत नव्याने लागेल.'"

"वाहनातून उतरू नये?"

"असं लिहिलंय."

"मग सोपं आहे. आपण चढणारच नाही."

काकू हसल्या नाहीत. यादीत नव्याने म्हणजे आणखी पाच महिने. पाच महिन्यांत या माणसाचा हात रंगाच्या डब्याऐवजी भिंत चाचपायला लागेल, हे त्या जाणून होत्या. आणखीही एक गोष्ट त्या जाणून होत्या, पण ती त्यांनी पोटात ठेवली होती.

काकांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई होती.

"वाहन क्रमांक सांगा."

"वाहन नाही हो."

"दुचाकी असेल तर चालणार नाही, चारचाकी लागते."

"दुचाकीपण नाही. दोन पाय आहेत."

"मग टॅक्सीने नका येऊ हं, भाड्याची गाडी घेत नाही. नातेवाइकांची आणा. असतेच हो कोणाची ना कोणाची."

"असते की. पण बुधवारी सकाळी कोणाची ना कोणाची गाडी कोणाच्या ना कोणाच्या कामावर असते."

"काका, क्रमांक टाकल्याशिवाय माझं पुढचं पानच उघडत नाही. तुम्ही असं करा, कुठलातरी नंबर सांगा. मी टाकून देते."

आता हे सांगायचं कोणाला, तर ज्या माणसाला गावातले हजार नंबर पाठ! पण काकांचा आवाज एकदम देवघरातला झाला.

"बाई, ज्याचा नंबर त्याचा. मी रंगवला म्हणून तो माझा होत नाही. दुसऱ्याच्या नंबरावर मी डोळे उघडायचे नाहीत."

"मग प्रत्यक्ष येऊन बोला," असं म्हणून आवाज गेला.

"झालं तुमचं कीर्तन?" काकूंनी विचारलं. "आता तिथे जाऊन मीच बोलते."

बुधवारी सकाळी काकांना एक पाटी पोचवायची होती. बेकरीवाल्या बाईंनी नवी व्हॅन घेतली होती. तिचा नंबर चौतीस-सोळा. बेकरी दवाखान्याच्या अलीकडेच, म्हणजे तपासणी उरकून परतताना पाटी देता आली असती. काका पहाटे उठून रंगवायला बसले. आकडे नेहमीप्रमाणे इंग्रजी वळणाचे. पहिलाच तीन जरा फिकट वाटला, म्हणून त्यावर पुन्हा ब्रश फिरवला. तरी फिकटच वाटला, म्हणून तिसऱ्यांदा. मग टक्‌ करून सम.

"चला, चला, बस जाईल," काकूंनी पिशवीत पत्र, पाण्याची बाटली आणि काकांची औषधं कोंबली. एरवी काका आंघोळीला गेले की त्या पाट्यांपाशी दोन मिनिटं उभ्या राहात. आज काकांची आंघोळ आधीच झाली होती, आणि ती दोन मिनिटं राहून गेली.

ओली पाटी न्यायची एक रीत असते. काखेत धरली तर सदरा रंगतो, गुंडाळली तर आकडे कागदावर जातात. म्हणून ती दोन्ही हातांनी छातीपुढे धरायची, आकडे बाहेरच्या बाजूला, आणि नवरदेवासारखं सावकाश चालायचं. बसमध्येही काकांनी ती तशीच धरली. समोरच्या बाकावरचा माणूस दर धक्क्याला पाय आखडून घेत होता.

"घाबरू नका," काकूंनी त्याला धीर दिला. "यांचे ब्रेक चांगले आहेत."

दवाखाना पूर्वी बाजारात होता. आता तो गावाबाहेर मोठ्या रस्त्याकाठी गेला होता, ऐसपैस. बस पलीकडच्या बाजूला थांबली. रस्ता ओलांडायला दहा मिनिटं गेली, कारण गाड्यांना थांबायची सवय नव्हती. पुढे फूटपाथ काही अंतर सोबत आला आणि एका खांबापाशी निरोप न घेताच संपला. त्यापुढे होती फक्त गाड्यांची वाट, दोन्हीकडे कठडा, आणि वर भला मोठा फलक: 'गाडीखिडकी. बसल्या जागी सेवा.'

"बसल्या जागी," काकू धापा टाकत म्हणाल्या. "घरीच बसलो असतो तर आले असते का हे?"

दवाखान्याला फाटक एकच. तिथे आडवा दांडा, दांड्याशेजारी कॅमेरा व छोटा पडदा, आणि बाजूच्या केबिनमध्ये झुपकेदार मिशांचा रखवालदार. सोमवारीच कामावर लागलेला, त्यामुळे नियमांनी ताजातवाना. काकूंनी त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात कॅमेऱ्याने पीं केलं, दांडा सरसर वर गेला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: 'स्वागत. मुख्य अधीक्षक. थेट सोडा.'

रखवालदार ताडकन उठला. पडदा बघून त्याने कडक सलाम ठोकला, आणि मग सलामासमोर कोण आहे ते बघितलं. एक म्हातारा छातीपुढे पाटी धरून वरातीच्या चालीने आत चालला होता आणि मागे पिशवी घेतलेली त्याची बायको.

"राहू दे, राहू दे, हात दुखेल," काकू त्याला म्हणाल्या. "किती संस्कारी माणूस ठेवलाय हो!"

मशिनने सोडलंय म्हणजे असेल काहीतरी, असं म्हणून रखवालदार खाली बसला. काकांना पडद्यावरचं काही दिसलं नाही. त्यांना वाटलं, देवाने वाट मोकळी केली.

आत गाड्यांची रांग होती. काका आणि काकू रांगेत उभे राहिले, पुढे लाल मोटार, मागे करड्या रंगाची जीप. लाल मोटार चार पावलं सरकली की हे चार पावलं सरकत. जीपवाल्याने काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"काका, वळताना हात तरी दाखवा!"

"हातात पाटी आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "ही दाखवेल."

काकूंनी लगेच डावा हात लांब केला. जीपवाला खो खो हसला, पण त्याने पुढे घुसायचा प्रयत्न केला नाही. अशी रांग पाळणारी मोटार त्याने बघितली नव्हती.

खिडकी आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. खिडकी मोटारीत बसलेल्या माणसाच्या बेताची, म्हणजे काकांच्या कमरेशी. आत बसलेली नर्स खाली मान घालून लिहीत होती.

"इंजिन बंद करा."

"बासष्ट वर्षं चालू आहे," काकू म्हणाल्या. "बंद करायला सांगू नका."

नर्सने मान वर केली. तिला फक्त एक पाटी आणि सदऱ्याची दोन बटणं दिसली. ती वाकली, काका वाकले, तेव्हा कुठे नजरानजर झाली.

"गाडी कुठंय?"

"नाही. पायी आलोय. हे पत्र."

"पायी? पण इथे तर..." नर्सने आपल्या पडद्याकडे बघितलं. "इथे मोठ्या मॅडमची गाडी उभी आहे असं दिसतंय. मॅडम कुठायत?"

"कोण मॅडम?"

"आजोबा, तुमच्या नावापुढे वाहन क्रमांक नाही. तो नसला की माझं पान उघडत नाही. मी काय करू सांगा? मला तुमचा रक्तदाब घ्यायला काही वाटत नाही, पण तो ठेवू कुठे?"

"बाई," काका आणखी वाकले. "बाराला पाळी जाते. माझं काम डोळ्यांचं आहे. दुसरं काही मला येत नाही."

नर्स चांगली होती. ती चांगली होती म्हणूनच तिचा चेहरा एवढासा झाला. तिने पुन्हा दोनदा बटण दाबून बघितलं. पान उघडलं नाही.

आता फाटकापाशी काय घडत होतं ते बघा. तिथे एक पांढरी मोटार येऊन थांबली होती आणि दांडा काही वर जात नव्हता. पडदा लाल झाला होता: 'हे वाहन आत आहे.' मोटारीतून एक बाई उतरल्या, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर आठी.

"दांडा वर करा. मी इथली मुख्य अधीक्षक आहे."

"मॅडम आत गेल्या," रखवालदार म्हणाला. "मी स्वतः सलाम केलाय."

"अहो, मी समोर उभी आहे!"

"तुम्ही उभ्या आहात हेच तर नियमात बसत नाही. पायी आत सोडत नाही. गाडीत बसून या."

"गाडी तुम्ही सोडत नाही!"

"गाडी आत आहे ना," रखवालदाराने शांतपणे पडदा दाखवला.

मागे हॉर्नची आरती सुरू झाली. मोठ्या मॅडमनी एकदा दांड्याकडे बघितलं, एकदा रखवालदाराच्या मिशांकडे, आणि पर्स छातीशी धरून त्या सरळ दांड्याखालून वाकून आत गेल्या. मग त्या पुढे आणि "पायी नाही! पायी नाही!" करत रखवालदार मागे, अशी ती जोडी गाड्यांमधून वाट काढत निघाली. मॅडमच्या पायात उंच टाचांचे बूट होते. कठडा आणि चाकं यांच्यात एक पाऊल मावेल एवढी जागा. एका गाडीचा आरसा त्यांच्या कोपराला लागला, दुसरीने तोंडावर धूर सोडला. ही वाट त्यांनीच आखून घेतली होती आणि आज पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवला होता.

खिडकीपाशी येऊन त्या थबकल्या. कारण त्यांच्या गाडीचा नंबर एका म्हाताऱ्याच्या छातीपुढे उभा होता.

"हा माझा नंबर तुमच्याकडे कसा?"

काका वळले. समोर एक पांढुरकी आकृती दिसली. "तुमचा? नाही हो बाई, ही बेकरीवाल्या बाईंच्या व्हॅनची पाटी. चौतीस-सोळा."

"चौऱ्याऐंशी-सोळा," मॅडम म्हणाल्या.

"चौतीस. तीन. मी सकाळी हातांनी काढलाय."

"हा आठ आहे."

"बाई, चौऱ्याऐंशी-सोळाही मीच केलीय. अकरा वर्षं झाली. पांढरी मोटार. त्या आठाची कंबर मी बारीक ठेवली होती. हा तीन आहे."

मॅडम स्वतःची पाटी रोज बघत होत्या, पण तिच्या आठाला कंबर असते हे त्यांना आज कळलं. काकांनी पाटी उलटी करून डोळ्यांजवळ नेली, आणखी जवळ, नाकाला रंग लागेल इतकी जवळ. धुकं होतं. धुक्यात एक काळा गोळा होता. तो तीन असेल, आठ असेल, काहीही असेल.

"अगं," ते हळूच म्हणाले. "बघ बरं काय आहे."

काकूंनी पिशवी खाली ठेवली.

"आठ आहे."

"असं कसं होईल? एकतीस वर्षांत..."

"गेल्या चार महिन्यांत झालंय," काकू म्हणाल्या. "तुम्हाला रंग फिकट दिसतो, तुम्ही पुन्हा पुन्हा ब्रश फिरवता, आणि तिनाचं तोंड मिटतं. तुम्ही आंघोळीला गेलात की मी टर्पेंटाइनच्या चिंधीने उघडत होते. आज राहिलं. घाई झाली."

जीपवाल्याने इंजिन आपणहून बंद केलं.

"चार महिने?" काका म्हणाले.

"चार महिने."

"आणि मला बोलली नाहीस."

"बोलून तोंडं उघडली असती का तिनांची?"

काकांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तरीच," ते म्हणाले, "परवाच्या तिनाला इतकं सुंदर वळण कसं आलं म्हटलं."

आता ऑपरेशन कशासाठी हवं, हे कोणी कोणाला समजावून सांगायची गरज उरली नव्हती. मोठ्या मॅडमनी पत्र घेतलं, वाचलं, घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा.

"'वाहनातून उतरू नये'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे मीच मंजूर केलं. कागदावर फार छान दिसत होतं हो." मग नर्सकडे वळून म्हणाल्या, "घ्या यांची तपासणी."

"मॅडम, वाहन क्रमांकाच्या चौकोनात काय टाकू?"

"काहीतरी..."

"काहीतरी नको," काका पुन्हा देवघरात शिरले. "दुसऱ्याचा नको."

"मग यांच्याच पायातल्या चपलेचा टाका," काकू म्हणाल्या. "सात. एवढंच वाहन आहे आमचं, आणि हे त्यातून उतरत नाहीत."

नर्सने सात दाबला. पान मुकाट्याने उघडलं. मोठमोठ्या नंबरांसाठी अडून बसलेलं ते यंत्र सातावर खूश झालं.

पण रक्तदाब घ्यायचा तर माणूस बसलेला हवा, आणि काका खिडकीपुढे शेतातल्या कणसासारखे वाकलेले. खिडकीच्या बाजूलाच एक दार होतं, साधं, माणसाच्या उंचीचं. त्याच्यापुढे ज्या खोक्यांतून हा कॅमेरा आणि पडदा आले ती रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली.

"ही कधीपासून इथे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"गाडीखिडकी सुरू झाल्यापासून," नर्स म्हणाली.

मॅडमनी रखवालदाराकडे बघितलं. तो अजून धापा टाकत होता आणि आपण नेमकं कोणाला पकडायचं या विचारात होता. ओळखपत्रावरचा फोटो त्याने आता नीट पाहिला, घसा खाकरला, बाह्या सरसावल्या आणि खोकी उचलायला लागला. जीपवाला उतरून हाताला आला. दार कुरकुरत उघडलं. आत एक खुर्ची होती. काका तिच्यावर बसले, आणि पाटी काकूंनी धरली, आकडे बाहेरच्या बाजूला.

"एकशे छत्तीस," नर्स म्हणाली.

"माझ्या ओळखीची आहे," काका म्हणाले. "निळी मोटार."

"हा तुमचा रक्तदाब आहे, आजोबा."

साखर बघून झाली, सही झाली, आणि काकांच्या नावापुढे शुक्रवारचा शिक्का बसला तेव्हा घड्याळात बाराला सहा मिनिटं होती. मॅडमनी दाराला स्वतःच्या पायाने एक वीट लावली. "हे आता मिटायचं नाही," त्या रखवालदाराला म्हणाल्या. "आणि शुक्रवारी हे दोघं पायी येतील, तेव्हा सलाम करा."

"आजच्यासारखा?" काकूंनी विचारलं.

"आजच्यापेक्षा कडक."

काकांनी खिशातून टर्पेंटाइनची चिंधी काढली. एवढी लाज छातीवर घेऊन बेकरीपर्यंत कसं जायचं? तो आठ इथल्या इथे मोडावा म्हणून त्यांनी हात उचलला, तसा रखवालदार ओरडला, "पुसू नका! पुसू नका!"

"का रे बाबा?"

"हा नंबर आत आहे. तो बाहेर गेल्याशिवाय मॅडमची गाडी आत येणार नाही. तुम्ही इथेच पुसलात तर मॅडमची गाडी जन्मभर आत!"

मॅडम डोक्याला हात लावून हसायला लागल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. मग सगळे हसले.

म्हणून काकांनी पाटी पुन्हा छातीपुढे धरली आणि फाटकाकडे निघाले, त्याच वरातीच्या चालीने. या खेपेला मागे काकू, काकूंमागे मोठ्या मॅडम, त्यांच्यामागे रखवालदार, आणि सगळ्यांत मागे अगदी सावकाश जीप. कॅमेऱ्याने पाटी बघितली, पीं केलं, दांडा वर गेला. पडद्यावर अक्षरं आली, ती काकूंनी मोठ्याने वाचली: 'धन्यवाद. गाडी सावकाश चालवा.'

"ऐकलंत ना?" काकू म्हणाल्या. "चला, सावकाश."

मागे मॅडम आपल्या पांढऱ्या मोटारीत बसल्या आणि ती हळूच आत गेली. काका-काकू रस्त्याकडेला, जिथे फूटपाथ पुन्हा सुरू होतो त्या खांबापाशी थांबले. काकांनी पाटी खांबाला टेकवली, चिंधी अंगठ्याला गुंडाळली आणि थांबले.

"कुठे आहे?"

काकूंनी त्यांचा अंगठा धरून आठाच्या डाव्या अंगावर, वरच्या अर्धगोलात नेला. "इथून. हळू. जरा आत. बस." मग खालच्या अर्धगोलात. "इथे थोडं जास्त मिटलंय. हां... आता उघडलं."

"दिसतो का तीन?"

"दिसतो."

"शुक्रवारनंतर मी बघेन," काका म्हणाले. "तोवर तूच उघडत जा तोंडं. पण आता माझ्यासमोर."

"बरं."

काकांनी पाटी उचलली, आकडे बाहेर ठेवून छातीपुढे धरली, आणि बोटाने पत्र्याच्या कोरड्या कडेवर टक्‌ करून सम गाठली. मग दोघं बेकरीच्या दिशेने चालू लागले.